पील आणि लेझर नेमके कोणत्या महिन्यात करावेत?

मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून ठाण्यात व्यवसाय करते आणि आठवड्यातले काही दिवस नेरूळलाही रुग्ण तपासते. दोन्हीकडे केमिकल पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणे), लेझर आणि मुरमांच्या खड्ड्यांवरचे उपचार यांची विचारणा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत सर्वाधिक होते, कारण एकदा लग्नसराई असते आणि एकदा दिवाळी. आपल्या खाडीकाठच्या हवेत त्वचेत खोलवर जाणाऱ्या उपचारांसाठी हेच महिने सर्वांत वाईट आहेत, असे माझे ठाम मत आहे. सवलतींचे फलक नेमके याच काळात लागतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी आपल्या त्वचेविषयी. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली मांडलेल्या आणि पुढे विस्तारत गेलेल्या वर्गीकरणात आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडते. अशी त्वचा उन्हात लालबुंद होऊन सहसा सोलवटत नाही, पण तिला इजा झाली की तिथल्या रंगपेशी जास्तीचा रंग तयार करतात आणि डाग पडतो. ही इजा मुरमाची असो, वॅक्सिंगच्या चटक्याची असो, की पैसे मोजून करून घेतलेल्या पीलची असो, रंगपेशींच्या लेखी त्यात काही फरक नसतो. डाग दिसू लागायला काही आठवडे लागतात आणि फिकट व्हायला कित्येक महिने जातात. ग्लायकोलिक आम्लाचे पील वरचा मृत पेशींचा थर काढून टाकते आणि त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील करते. उपचार थांबवल्यावर ही संवेदनशीलता साधारण आठवड्याभरात ओसरते खरी, पण पील एकच करून कोणी थांबत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा सिटिंग झाल्या, तर त्वचा दोन-तीन महिने पुन्हापुन्हा नाजूक अवस्थेत जात राहते. म्हणून पीलचा विचार एका दिवसाचा न करता त्या संपूर्ण तिमाहीचा करायला हवा.

ठाण्यात वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा तो दिवस मुलांना गच्चीवर नेऊन दाखवणारे पालक पुष्कळ आहेत. त्याच पंधरवड्यात लेकीच्या चेहऱ्यावर पील करून घेऊ नये, हेही त्या नाहीशा झालेल्या सावलीतून वाचता आले पाहिजे. मे महिन्यात उन्हाच्या जोडीला घामही असतो. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) केल्यावर त्वचेवर असंख्य सूक्ष्म छिद्रे उघडी असतात, सूज असते आणि लेझरनंतर बारीक खपल्याही धरतात. अशा चेहऱ्याने सकाळी ठाणे स्थानकातल्या गर्दीतून जायचे, घाम हाताने किंवा ओढणीने पुसत राहायचे आणि जंतुसंसर्ग होणार नाही अशी आशा बाळगायची, हे मला रुग्णाला सांगवत नाही.

म्हणून खड्ड्यांवरचे लेझर, मायक्रोनीडलिंग आणि मध्यम खोलीचे पील यांसाठी मी नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य एवढाच काळ राखून ठेवते. धुळवडीपूर्वी किमान महिनाभर तरी शेवटचे सिटिंग झालेले असावे, हा माझा आग्रह असतो, कारण नव्या कोवळ्या त्वचेवर रंग चोळला जाणे आणि तो काढण्यासाठी ती पुन्हा घासली जाणे या दोन्ही गोष्टी घातक आहेत. मात्र ‘हिवाळा सुरक्षित’ हे वाक्य थंड देशांतल्या लेखांमधून जसेच्या तसे उचलले जाते, तेव्हा एक गोष्ट सुटून जाते. ठाण्यात ऐन डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो. लंडनमध्ये दुपारचा सूर्य एवढ्या उंचीवर येतो तेव्हा एप्रिलचा मध्य आलेला असतो. आपला हिवाळा म्हणजे तिकडचा वसंत, त्यामुळे हिवाळ्यात उपचार घेणाऱ्यानेही सनस्क्रीन सोडायचे नसते. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधले बोट भरेल एवढे सनस्क्रीन लागते, आणि बाहेर असताना ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. मोटारीच्या बाजूच्या काचेतून अतिनील-अ किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. घोडबंदर रस्त्यावर रोज तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांनी स्वतःचा उजवा आणि डावा गाल एकदा आरशात ताडून पाहावा.

पावसाळ्याविषयी माझे मत अनेकांना अनपेक्षित वाटते. नको असलेले केस कमी करणारे लेझर नोव्हेंबरात सुरू करावे, असा सर्वसाधारण समज आहे. हे लेझर केसातल्या रंगद्रव्यावर काम करते आणि वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच परिणाम करते, म्हणून हातापायांसाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने किमान सहा सिटिंग लागतात. आता हिशेब मांडून पाहा. नोव्हेंबरच्या मध्याला सुरुवात केली आणि सहा आठवड्यांचे अंतर ठेवले, तर चौथे सिटिंग मार्चअखेरीस, पाचवे मेच्या सुरुवातीला आणि सहावे जूनमध्ये येते. म्हणजे उपचारांचा उत्तरार्ध भर उन्हाळ्यात सापडतो, आणि तेव्हा हात काळवंडलेले असतील तर केसाऐवजी त्वचेतलेच रंगद्रव्य उष्णता शोषून घेते व भाजल्याचे डाग पडतात. तेच जुलैच्या उत्तरार्धात सुरू केले, तर सहावे सिटिंग फेब्रुवारीत पूर्ण होते. मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात किंवा तरणतलावावर हात काळवंडले असतील, तर तो काळेपणा उतरायला जून-जुलै मिळतो. उन्हात काळवंडल्यावर निदान चार आठवडे थांबलेच पाहिजे. आपल्या वर्णासाठी 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग लेझर तुलनेने अधिक सुरक्षित ठरते, कारण वरच्या थरातले रंगद्रव्य ते कमी शोषते. तेव्हा आपल्यावर कोणते यंत्र वापरले जाणार आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. काखेसारख्या सदैव झाकलेल्या भागाला ऋतूचे बंधन जवळजवळ नाहीच. दोन सिटिंगच्या मध्ये थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करू नये, कारण त्यात मूळच उपटले जाते. केस कापलेले किंवा रेझरने काढलेले चालतात. मुलीच्या हातावर रेझर फिरवायला आया फार कचरतात, पण त्याने केस दाट होत नाहीत.

पावसाळ्यात ढगांमुळे ऊन नसते, या समजुतीत मात्र तथ्य नाही. पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली पोहोचतात आणि जुलैतला सूर्य ढगांमागे का होईना, डोक्यावरच असतो. या दिवसांत हवा इतकी दमट असते की नायटा आणि केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या बळावतात, तेव्हा खोल उपचार नकोत. तेलकट, मुरमांच्या त्वचेसाठी सॅलिसिलिक आम्लाचे सौम्य पील या काळात चांगले चालते, कारण हे आम्ल तेलात विरघळते आणि तुंबलेल्या रंध्रांत उतरते. नायट्यावर किंवा चेहऱ्यावर औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे लावणे तर पूर्ण बंद व्हायला हवे. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरी ती सहज मिळतात आणि त्यांनी पातळ झालेल्या चेहऱ्यावर कोणतेही पील करणे धोक्याचे असते.

ऑक्टोबर सर्वांत फसवा. पाऊस माघारी जातो, आभाळ स्वच्छ होते, हवेतला दमटपणा टिकून असतो आणि पावसाळ्यात सनस्क्रीनची सवय सुटलेली असते. त्यातच नवरात्रीची जागरणे आणि दिवाळीची खरेदी यांची गर्दी होते. दिवाळीसाठी चेहरा टवटवीत हवा असेल, तर साधे क्लीनअप आणि आर्द्रता देणारे फेशियल पुरेसे आहे, आणि तेही चार-पाच दिवस आधी.

प्रत्येक गोष्ट ऋतूवर सोडता येत नाही, हेही आग्रहाने सांगते. गळवांसारखे मोठे, दुखरे मुरूम असतील तर डिसेंबरची वाट पाहू नये, कारण तोवर खड्डे पडतील. औषधे त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवीत, खड्ड्यांचे लेझर नंतर पाहता येते. वांगाचे तसेच. तो उन्हाळ्यात गडद होतो, दृश्य प्रकाशानेही आणि उष्णतेनेही वाढतो, म्हणून त्याची देखभाल बारा महिने चालते. लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन त्यासाठी साध्या सनस्क्रीनपेक्षा उपयुक्त ठरते. वांगावर उतावीळपणे लेझर मारून तो अधिक गडद झालेले चेहरे पाहताना मला फार वाईट वाटते, कारण त्या स्त्रियांनी पैसे साठवून तो उपचार घेतलेला असतो.

आता लग्नांविषयी. मे महिन्यातली तारीख ठरलेली असते आणि एप्रिलच्या अखेरीस आई मुलीला घेऊन येते. “मॅडम, केळवणे सुरू झाली, पंधरा दिवसांत काहीतरी करा ना,” असे ती म्हणते. मी नकार देते तेव्हा त्या आईचा हिरमोड होतो, हे मला दिसते. पण पंधरा दिवसांत पीलचा लाभ पदरात पडत नाही, उलट डाग पडायचे असतील तर ते लग्नाच्या सुमारासच उमटतात. शिवाय हळदीच्या दिवशी नुकत्याच सोललेल्या त्वचेवर ओली हळद चोळली गेली, तर आग होते आणि पुरळही उठू शकते. मेमधल्या लग्नासाठी डिसेंबरात यावे. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांसाठी चातुर्मास मोकळाच असतो. आषाढातच तपासणी झाली, तर घरी लावायची औषधे आणि सौम्य पील यांना पुरेसा अवधी मिळतो.

सहा सिटिंगचे पैसे एकदम भरण्यापूर्वी त्या पॅकेजची मुदत विचारून घ्यावी. मुदत सहाच महिन्यांची असेल, तर ती वाया जाऊ नये म्हणून माणसे भर मे महिन्यातही सिटिंग उरकून घेतात. ती निदान वर्षाची असावी, आणि डॉक्टरांनी किंवा रुग्णाने उन्हामुळे, काळवंडल्यामुळे किंवा संसर्गामुळे सिटिंग पुढे ढकलले तर पैसे बुडणार नाहीत, हे पावतीवर लिहून घ्यावे.