लोगो लहान करा, कापड जाड घ्या

महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक जुनं : "परदेशात बघा, सगळे कापडी पिशव्या घेऊन हिंडतात." दुसरं अलीकडचं : "कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा वाईट असते, डेन्मार्कनं ते सिद्ध केलंय." कंपन्यांच्या जाहिरात विभागात दोन्ही वाक्यं कामाला येतात. हजारो पिशव्या छापून फुकट वाटायच्या असतील तर पहिलं, आणि काहीच बदलायचं नसेल तर दुसरं. इथे इंग्लंडमध्ये छापील पिशव्यांचा धंदा जवळून पाहताना दोन्ही अर्धवट वाटतात, आणि त्यांच्या आधारानं मायदेशी चाललेली खरेदी पाहून काळजीही वाटते.

आधी पहिलं वाक्य. २०१४ मध्ये इंग्लंडच्या ७ मोठ्या सुपरमार्केटांनी ७६० कोटी पातळ पिशव्या वाटल्या होत्या. ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांना पिशवीमागे ५ पेन्स घेणं बंधनकारक झालं, आणि पुढच्या काही वर्षांत त्या दुकानांमधला हा आकडा ९५ टक्क्यांहून जास्त घसरला. हे काम आकारणीनं केलं, कापडी पिशवीनं नव्हे. मे २०२१ मध्ये ही रक्कम १० पेन्स झाली आणि लहान दुकानंही तिच्या कक्षेत आली. मात्र याच काळात जाड, 'आयुष्यभर वापरा' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिक पिशव्यांचा खप इतका वाढला, की २०१९ मध्ये पर्यावरण संघटनांनी मांडलेल्या हिशेबात घरटी वर्षाला ५४ पिशव्या निघाल्या. परिषदा, बँका, विद्यापीठं आणि मेळाव्यांतून फुकट मिळालेल्या कापडी पिशव्यांचे गठ्ठे इथल्या घरोघरी दारामागे लटकलेले असतात. त्यांचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. इंग्लंडकडून घ्यायचंच असेल तर ते एवढंच : फुकट मिळालेली पिशवी कोणी जपत नाही.

एका बाबतीत मात्र भारतातली चर्चा इथल्यापेक्षा पुढे आहे. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचानं, स्वतःचं नाव छापलेल्या कागदी पिशवीचे ग्राहकाकडून ३ रुपये घेतले म्हणून एका मोठ्या पादत्राण कंपनीला ९,००० रुपये भरायला लावले. ग्राहकाला पैसे द्यायला लावून वर त्याच्याच हातून जाहिरात करून घेता येणार नाही, असा त्यामागचा विचार. इंग्लंडमध्ये हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. १० पेन्स मोजून लोक दुकानाचं नाव मिरवत घरी जातात. मला आपल्याकडचा विचार योग्य वाटतो. नाव मोठं असेल तर पिशवीचा खर्च कंपनीचा. पिशवी विकायची असेल तर नाव लहान, किंवा आतल्या बाजूला.

आता डेन्मार्क. तिथल्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अभ्यास म्हणतो, की सर्व निकष धरले तर साध्या सुती पिशवीला सुपरमार्केटच्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला ७,१०० वापर लागतात आणि सेंद्रिय सुतीला २०,०००. फक्त हवामानबदल पाहिला तर हेच आकडे ५२ आणि १४९ होतात. ७,१०० ला पोचवणारा निकष एकच आहे, ओझोन थराची हानी. सेंद्रिय कापसाचा आकडा मोठा येतो, कारण एकरी उत्पादन कमी धरलेलं आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या हिशेबात प्लॅस्टिकची पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून लागते आणि भट्टीत जळून ऊर्जा देते. उघड्यावर पडणारा कचरा त्यात धरलेलाच नाही, कारण डेन्मार्कमध्ये तो जवळजवळ नसतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर तुंबलेल्या गटारांमुळे ज्या राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, तिथे हा आकडा जसाच्या तसा आणून आपटणं चूक आहे. पण ५२ हा आकडा नजरेआड करणंही तितकंच चूक. आठवड्यातून एकदा वापरली तरी पिशवी वर्षभर टिकली पाहिजे, आणि वाटल्या जाणाऱ्या बहुतेक पिशव्या तेवढ्या टिकत नाहीत.

मुळात त्यातल्या कितीतरी कापडाच्या नसतातच. मेळाव्यांत 'कापडी' म्हणून मिळणारी, खरखरीत, अंगावर बारीक ठिपक्यांची नक्षी असलेली पिशवी म्हणजे पॉलीप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेनं चिकटवून केलेला पत्रा. ते ठिपके म्हणजेच चिकटवल्याच्या जागा. कोपऱ्यातला एक तुकडा काळजीपूर्वक जाळून पाहा. सुताचा कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. हा तुकडा मात्र वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेनं या पिशव्यांवरही बंदी आणली होती. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी ६० जीएसएमपेक्षा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम) हलक्या अशा पिशव्यांना मनाई केली. ऊन लागलं की त्यांचा चुरा होतो आणि तो थेट मातीत जातो. अशा पिशवीवर झाडाचं चित्र छापणाऱ्या कंपनीनं निदान 'कापडी' हा शब्द तरी वापरू नये.

खरं कापड घ्यायचं ठरलं की मागणीपत्रात पहिली ओळ वजनाची असावी, आणि ती जीएसएममध्येच. युरोपातल्या याद्यांत औंस चालतात आणि तिथेच गफलत होते. १ औंस प्रतिचौरस यार्ड म्हणजे सुमारे ३४ जीएसएम, म्हणजे ५ औंसांचं कापड १७० भरायला हवं. प्रत्यक्षात '५ औंस' म्हणून १४० सर्रास विकलं जातं. १४० चं मांजरपाट म्हणजे एकदा घडी करून ठेवून देण्याची पिशवी. भाजी, पुस्तकं, लॅपटॉप वाहायचा तर २२० च्या खाली जाऊ नये.

जाड कापडात कापूस जास्त जातो, मग पर्यावरणाचं काय, असं कोणी विचारेल. हिशेब मांडू. ३८ × ४२ सेंटिमीटरची, खांद्यावर घ्यायची पिशवी. अंगाचा तुकडा दुमडीसकट ४० × ९०, आणि दोन बंदांसाठी १० × ७६ च्या दोन पट्ट्या. सगळं मिळून ०.५१ चौरस मीटर. १४० जीएसएममध्ये एक पिशवी ७२ ग्रॅमची होते, २२० मध्ये ११३ ग्रॅमची. हलक्या १,००० पिशव्यांना जेवढा कापूस लागतो, तेवढ्यात जाड ६३६ होतात. म्हणून माझं म्हणणं असं, की १,००० चा विचार असेल तिथे ६०० घ्या. ज्यांना हवी त्यांनाच विचारून द्या आणि उरलेल्या ४०० लोकांना काहीही देऊ नका. अंदाजपत्रक तेवढंच राहतं आणि पिशवी लोकांच्या खांद्यावर दिसते.

पिशवी फाटते ती बहुधा बंदाच्या मुळाशी. बंदाची पट्टी उभ्या धाग्यात कापलेली हवी. आडवी कापली तर ओझ्यानं ताणते. तोंडाच्या ३ सेंटिमीटर दुमडीत बंदाचं टोक पूर्ण आत जायला हवं आणि त्यावर चौकट व चौकटीत फुली अशी शिलाई हवी. नुसत्या दोन आडव्या टिपा महिनाभरात उसवतात. बाजूच्या शिवणीला फक्त ओव्हरलॉक मारून सोडणं ही दुसरी काटकसर, आणि खालचा कोपरा तिथेच फुटतो. ओव्हरलॉकच्या आत एक सरळ टीप हवी, इंचाला ८ ते १० टाके. दोरा पॉलिस्टरचा चालेल. नमुन्याच्या पिशवीत १० किलो वजन घालून ती दिवसभर टांगून ठेवा, मग हातात धरून काही वेळा झटका द्या. टाके ओढलेले दिसले तर नमुना परत.

कोऱ्या कापडाचा आटण्याचा गुण बहुतेक खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. त्यात खळ आणि मेण असतं. पहिल्या धुण्यात ते निघून जातं आणि कापड ५ ते ८ टक्के, कधी त्याहून जास्त आटतं. त्यावरची शाई आटत नाही, म्हणून छापाभोवती चुण्या पडतात. खळीवर बसलेली शाई खळीबरोबर निघतेही. नमुन्याच्या कापडावर बॉलपेननं २५ सेंटिमीटरचा चौकोन काढा, धुवा, वाळवा, मोजा. २३.५ भरला तर ६ टक्के आटलं. अशा वेळी खळ काढलेलं, आधीच आटवलेलं कापड मागा. ते थोडं महाग पडतं, पण पहिल्या धुण्यानंतर वापरातून जात नाही.

छपाई शिवण्याआधी, सपाट तुकड्यांवर करावी. शिवलेल्या पिशवीवर शिवणीचा उंचवटा खाली येतो, दाब सारखा पडत नाही आणि कडेची अक्षरं पुसट होतात. शिवाय बिघडलेला तुकडा शिवण्याआधीच बाजूला काढता येतो. स्क्रीन छपाईला सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी या कापडाला ठीक बसते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ भरून जाते. देवनागरीत तर जास्तच जपायला हवं : शिरोरेषा आणि मात्रा यांच्यातली फट, 'ष'चं पोट, 'क्ष' आणि 'द्ध' यांची वळणं शाईनं बुजतात. रोमन अक्षरं १२ पॉइंटला चालली म्हणून मराठी मजकूर त्याच मापात देऊ नका. १८ च्या खाली जाऊ नये, आणि अक्षर जाड पण मोकळ्या पोटाचं निवडावं.

प्लॅस्टिसॉल, म्हणजे तापवून पक्की करायची प्लॅस्टिकची शाई, वरून कोरडी दिसते, पण पूर्ण थर साधारण १६० अंशांना पोचला तरच पक्की होते. जाड सुती कापडातला ओलावा उष्णता खाऊन टाकतो. छाप सुकवणाऱ्या भट्टीतल्या सरकत्या पट्ट्याचा वेग तोच ठेवला की वरचा थर तापतो आणि आतला कच्चा राहतो. छाप दोन्ही हातांनी ताणून पाहा, तडे गेले तर तो कच्चा आहे. पाण्याची शाई असेल तर एका दिवसानं ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. माझा कौल पाण्याच्या शाईला, एका रंगात. प्लॅस्टिसॉलमध्ये बहुधा पीव्हीसी असतं आणि कापडाचा पुनर्वापर करताना तो छापलेला भाग कापून टाकावा लागतो.

आता काय छापायचं. इथे पुस्तकांच्या दुकानांच्या पिशव्या लोक पैसे देऊन घेतात आणि वर्षानुवर्षं वापरतात. अमेरिकेत २०२४ मध्ये ट्रेडर जोज या किराणा दुकानांच्या साखळीच्या छोट्या कॅनव्हास पिशवीसाठी रांगा लागल्या आणि २.९९ डॉलरची पिशवी कैक पटींनी पुन्हा विकली गेली. विमा कंपनीच्या पिशवीचं असं कुठेच होत नाही, मग ती कितीही चांगली शिवलेली असो. माणूस स्वतःबद्दल काही सांगणारी पिशवी घेतो, दुसऱ्याची पाटी घेत नाही. तेव्हा समोर एखादं चांगलं चित्र द्या, चित्रकाराला त्याचे पैसे द्या, आणि आपलं नाव बाजूच्या शिवणीत शिवलेल्या ३-४ सेंटिमीटरच्या पट्टीवर ठेवा. "पैसे आमचे, मग नाव लहान का?" असा प्रश्न येणारच. नाव मोठं असलेली पिशवी घरातच राहते, म्हणून. कार्यक्रमाचं साल आणि तारीख तर छापूच नका. दुसऱ्या दिवशी ती शिळी होते. 'पर्यावरणपूरक' हा मोघम शब्दही टाळा. भारतात ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा दाव्याला पुरावा लागतो आणि युरोपीय संघात सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याविना तो करताच येणार नाही. 'सुती, २२० जीएसएम, थंड पाण्यात धुवा' एवढं आतल्या पट्टीवर पुरेसं आहे.

माल ताब्यात घेताना ६०० पिशव्यांतून ८० उचला, गठ्ठ्यांच्या वरवरच्या नकोत. मोठे दोष ५ पर्यंत असतील तर माल घ्या. ६ निघाले तर सगळा परत तपासायला लावा.

आणि हे काम महिला बचत गटाला द्यायचं असेल, जे मला मनापासून हवं आहे, तर वेळ द्या. कार्यक्रमाच्या १० दिवस आधी मागणी गेली की कापड न धुता वापरलं जातं, शाई घाईत सुकवली जाते, फुलीची शिलाई गळते, आणि दोष मात्र शिवणाऱ्या बायांच्या माथी येतो. ६०० पिशव्यांसाठी ६ आठवडे धरा : पहिला नमुन्याचा आणि तो धुऊन पाहण्याचा, दुसरा-तिसरा कापडाचा, मग छपाई, शेवटचे दोन शिलाई आणि तपासणीचे. कापडाचे पैसे आगाऊ द्या. ते गटाला स्वतःच्या खिशातून घालावे लागले, की २२० च्या जागी १४० चं कापड येतं.