जिवाणू फुकट, पाणी महाग

जानेवारीत फिनलंडच्या कैनू भागात पारा उणे २५च्या खाली उतरतो, तेव्हाही सोत्कामोजवळच्या एका खाणीतल्या काळ्या ढिगांतून वाफा निघत असतात. तलविवारा हे या खाणीचं जुनं नाव. आता ती टेराफेम. इथल्या काळ्या शिस्ट खडकात निकेल जेमतेम पाव टक्का, जस्त अर्धा टक्का आणि तांबं व कोबाल्ट त्याहूनही कमी. इतका दरिद्री दगड भट्टीत घालणं परवडत नाही. म्हणून तो साधारण ८ मिलिमीटरपर्यंत भरडतात, आम्ल शिंपडून भुकटी मोठ्या खड्यांना चिकटवून घेतात आणि ८ मीटर उंच रचतात. वरून आम्लपाणी सोडायचं, खालून हवा मारायची. धातू विरघळवून पाण्यात उतरवायचं पुढचं काम त्याच खडकात राहणारे जिवाणू करतात. याला बायोलीचिंग म्हणतात. पहिल्या ढिगाला सव्वा-दीड वर्ष लागतं. मग तो उकरून दुसरीकडे रचतात आणि आणखी काही वर्षं भिजवतात.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांसाठी नॅशनल क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं. तेव्हापासून आपल्याकडे या तंत्राबद्दल दोन सूर लागतात. एक म्हणतो, जुन्या खाणींच्या टाकाऊ ढिगांवर जिवाणू सोडा, धातू आपोआप बाहेर येईल, धूर नाही की भट्टी नाही. दुसऱ्याला भीती की हे ‘सोडलेले’ जिवाणू नदीत जातील. दोघेही जिवाणूकडेच बघतात आणि पाण्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आधी भीतीचं बघू. या कामातला नावाजलेला जिवाणू, ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स, १९४७ मध्ये कोळशाच्या खाणीतून वाहणाऱ्या आम्लपाण्यात सापडला. गंधकयुक्त खडक उघडा पडला आणि त्याला हवा-पाणी मिळालं की तो तिथे येतोच, कुणी सोडायची गरज नाही. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या नद्या कोळशातल्या गंधकामुळे आम्लधर्मी झाल्या, तिथे जिवाणू सोडण्याचा कोणता प्रकल्प होता? धोका आम्लाचा आणि त्यात विरघळलेल्या धातूंचा आहे.

आता उत्साहाचं. हा जिवाणू फेरस लोह आणि गंधक यांवर जगतो. फेरसचं फेरिक, म्हणजे आणखी ऑक्सिडाइझ झालेलं लोह करतो, आणि ते फेरिक लोह सल्फाइड म्हणजे गंधकयुक्त खनिजाला पोखरतं. गोव्याच्या खाणींच्या ढिगांत मुख्यतः हेमॅटाइट आणि गोएथाइट, म्हणजे लोह आधीच गंजून बसलेलं. तिथे याला खायला काही नाही. नागपूर-भंडारा-बालाघाटचं मँगनीजही बहुतेक ऑक्साइड. त्यासाठी दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव लागतात आणि त्यांना मळीसारखं काहीतरी विकत आणून खाऊ घालावं लागतं. मळीवर आपल्याकडे आधीच किती जणांचा डोळा आहे ते सांगायला नको.

मग उरतं गोंदियाच्या पलीकडचं, बालाघाट जिल्ह्यातलं मलांजखंड. तिथे तांबं सल्फाइडमध्येच आहे, पण मुख्यतः चाल्कोपायराइट या तांबं-लोह-गंधकाच्या खनिजामध्ये. तिशी-पस्तिशीच्या तापमानात ते थोडं विरघळतं आणि मग कणांवर असा थर धरतं की काम जवळजवळ थांबतं. तो टाळायला ६०-७० अंशांत जगणारे सूक्ष्मजीव लागतात, आणि ती ऊब ढिगातूनच यावी लागते. सोत्कामोत ती येते, कारण त्या खडकात पायरोटाइट आणि पायराइट ही लोह-गंधकाची खनिजं भरपूर आहेत आणि ती ऑक्सिडाइझ होताना उष्णता देतात. मलांजखंडच्या क्वार्ट्झ आणि ग्रॅनाइटमधल्या जेमतेम सल्फाइडवर चूल किती पेटणार?

हवेचा हिशेबही कागदावर करून बघण्यासारखा आहे. एक किलो पायराइट पूर्ण ऑक्सिडाइझ व्हायला जवळजवळ एक किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे साडेतीन घनमीटरच्या वर हवा. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो फक्त ८ मिलिग्रॅम. नुसत्या पाण्यातून पोचवायचा म्हटलं तर किलोभर पायराइटमागे सव्वा लाख लिटर पाणी फिरवावं लागेल. म्हणून ढिगाखाली छिद्रांचे पाइप आणि ब्लोअर लागतातच. ढिगात चिकणमाती जास्त असली की ती खाली सरकून वाटा बुजवते, पाणी ठरावीक घळीतून पळतं आणि बाकीचा ढीग कोरडा राहतो. सामू (pH) अडीचच्या वर गेला, म्हणजे आम्ल कमी पडलं, की फेरिक लोह जॅरोसाइट या पिवळ्या क्षाराच्या रूपात खाली बसतं आणि तेही वाटा बंद करतं. खडकात चुनखडीचा अंश असेल तर तो सगळं आम्ल पिऊन टाकतो. म्हणून ढीग रचण्याआधी काही महिने उंच नळकांड्यांत चाचणी घ्यायची आणि टनामागे किती किलो आम्ल लागतं ते मोजायचं. हा आकडा ज्या प्रकल्प अहवालात नाही, तो बाजूला ठेवावा.

आता पाणी. सोत्कामोत वर्षाला ६००-७०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतं, बाष्पीभवन कमी. ढिगांखाली प्लास्टिकचं अस्तर, त्यामुळे वर पडलेला प्रत्येक थेंब आम्लपाणी होतो. जास्तीचं पाणी, आम्ल चुन्याने मारल्यावर उरणारा जिप्समचा गाळ साठवायच्या तलावात भरत गेले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तो तलाव गळला. निकेल आणि युरेनियम आसपासच्या पाण्यात उतरलं. युरेनियम का, तर जिवाणू निवडून खात नाहीत. त्यांनी तयार केलेल्या आम्लात जे विरघळतं ते सगळं येतं. आता ते वेगळं काढण्याचा कारखानाच तिथे उभा आहे.

बालाघाटला यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तोही बराचसा चार महिन्यांत. एक चौरस किलोमीटर अस्तरावर एक मीटर पाऊस म्हणजे दहा लाख घनमीटर पाणी. ते साठवायचं कुठे, चुन्याने मारायचं किती आणि त्यातून निघणारा जिप्समचा गाळ टाकायचा कुठे, हे प्रश्न जिवाणूशास्त्राचे नाहीत. जिवाणूंवर पुण्याच्या आघारकर संस्थेत आणि भुवनेश्वरच्या आयएमएमटी या खनिज-तंत्रज्ञान संस्थेत काम झालेलं आहे. अडचण तलाव बांधणाऱ्याची आणि ते तपासणाऱ्याची आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये तलविवाराच्या कंपनीचं दिवाळं निघालं. भट्टी असती तर विझवून कुलूप लावता आलं असतं. ढिगाचं तसं नाही. खडकात पायराइट आहे तोवर आम्ल झिरपत राहतं आणि पंप चालूच ठेवावे लागतात. शेवटी २०१५ मध्ये सरकारी कंपनीने ती खाण ताब्यात घेतली. आपल्याकडे पहिला ढीग रचायच्या आधीच पंपांच्या पुढच्या वीस वर्षांच्या विजेचे आणि चुन्याचे पैसे बँकेत कोण ठेवणार, हे जनसुनावणीत कुणीतरी विचारायला हवं.