ख्याल अर्ध्या तासात बसवण्याची कृती

सरकारी वाहिनीवर शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम अभिनंदन. घाबरण्याचे कारण नाही. प्रेक्षक फारसे नसल्यामुळे तक्रारीही फारशा येत नाहीत. आकाशवाणीवर गवई नुसता ऐकू येत असे, म्हणून लोकांना त्याचे गाणे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि ही अडचण दूर झाली. आता आपल्या हाती चित्र आहे, आणि गाण्यावरचे लक्ष उडवण्यासाठी त्याचा उपयोग करता येतो.

प्रक्षेपणासाठी रात्री उशिराची वेळ निवडावी. रागसमयाची परंपरा जपण्याचे कर्तव्य आपल्याकडे असल्याने त्या वेळी तोडी किंवा ललत यांसारखे सकाळचे राग लावण्यास विसरू नये.

खरा पेच लांबीचा आहे. अमीर खाँसाहेबांच्या वळणाचा एखादा गवई झुमरा तालात अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीचा, ख्याल मांडू लागला, की तालाचे एकेक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते, आणि आपल्याजवळ निवेदन व श्रेयनामावली धरून अवघा अर्धा तास असतो. अशा वेळी आलापीला, म्हणजे रागाच्या संथ विस्ताराला, कात्री लावून बंदिशीच्या मुखड्यानंतर थेट द्रुत तानांवर उडी घ्यावी. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कोठे येते हे संपादकाला ठाऊक असण्याची गरज नाही. किंबहुना नसलेलेच बरे, कारण ज्याला ते कळते त्याचा हात थरथरतो. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर अब्दुल करीम खाँ आणि केसरबाई केरकर यांनी तीन-साडेतीन मिनिटांतही राग उभा केलाच की, असा दाखला एखादा चोखंदळ श्रोता देईल. त्याला नम्रपणे सांगावे की तेथे काय गाळायचे हे गाणाऱ्याने ठरवले होते, आणि एवढा अधिकार कलावंताला देणे कार्यालयीन शिस्तीत बसत नाही.

गायक तान घेत असताना कॅमेरा मागे तानपुरा छेडणाऱ्या शिष्येच्या बांगड्यांवर ठेवावा. तबलजीला वाव मिळाला की गायकाचा रुमाल दाखवावा. तानपुऱ्यांचा तो अखंड गुंजारव म्हणजे यंत्रातील बिघाड समजून ध्वनिमुद्रणात खाली ओढावा.

संगीतकारावरील माहितीपट याहून सोपा. त्यात नदी, सूर्योदय आणि हार घातलेली गुरूची तसबीर असली की पहिली पाच मिनिटे सुटतात. नंतर पुरस्कारांची सनावळी वाचावी. वयोवृद्ध कलावंताला ‘आपल्या सांगीतिक वाटचालीविषयी काय सांगाल?’ असे विचारावे, आणि तो रियाजाबद्दल काही नेमके बोलू लागला की आभार मानावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बंदिशीचा अंतरा सुरू होताच निवेदकाचा भारदस्त आवाज त्यावर चढलाच पाहिजे. ‘त्यांचे स्वर आजही रसिकांच्या मनात रुंजी घालत आहेत’ हे वाक्य ते स्वर बंद करूनच म्हणायचे असते.

या बाबतीत फिल्म्स डिव्हिजन या माहितीपट काढणाऱ्या सरकारी संस्थेने काही वाईट पायंडे पाडून ठेवले आहेत. सरकारी पैशातूनच दिग्दर्शक मणी कौल यांनी ‘ध्रुपद’ हा माहितीपट केला, आणि झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा व झिया फरीदुद्दीन डागर यांचा आलाप यांना हवा तेवढा वेळ देऊन टाकला. अखेरीस तर कॅमेरा मुंबईच्या छपरांवरून बराच वेळ फिरत राहतो. असले चित्रपट नवीन भरती झालेल्यांना दाखवू नयेत; गाणे कळणारा माणूस कॅमेऱ्यामागे असला तर चालते, असा गैरसमज पसरतो.

राहता राहिले जुने संग्रह. पूर्वीच्या चुंबकीय फिती महाग असत आणि पुसून पुन्हा वापरता येत, या सोयीने पुष्कळ काम परस्पर उरकले. तरीही एखादी अखंड मैफल हाती लागलीच, तर ती तुकड्यातुकड्यांनी महाजालावर चढवावी, वर्णनात राग, ताल आणि साथीदार यांपैकी काहीही लिहू नये, आणि वाहिनीचे बोधचिन्ह एवढे मोठे ठेवावे की सारंगियाचा गज त्यामागे पूर्ण झाकला जाईल.