‘९० दिवसांत डेल्फ बी-टू’ या निरोपाबद्दल खुलासा
सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत ‘रोज २ तास, ९० दिवसांत शून्यापासून डेल्फ बी-टू’ असा निरोप फिरतोय. डेल्फ म्हणजे फ्रेंच भाषेची परीक्षा; बी-टू ही तिची वरची पातळी, ए-टू त्याहून दोन पायऱ्या खालची. हिशेबच जुळत नाही. हे झाले १८० तास. तेवढ्यात जेमतेम ए-टू होते. बी-टूला साधारण ५५० ते ६५० तास धरतात, म्हणजे याच वेगाने ९ ते ११ महिने.

‘१०० पैकी ५० मिळाले की पास’ हेही अर्धवट. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही भागांत २५ पैकी किमान ५ लागतातच. घात बहुधा लेखनात होतो: तासाभरात किमान २५० शब्द, तेही मुद्देसूद. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून लिहा आणि तपासून घ्या. अ‍ॅपवरचं शब्दपाठांतर (गोड वाटतं खरं) इथे पुरत नाही. तोंडी परीक्षा वेगळ्या दिवशी येऊ शकते, तेव्हा परीक्षेसाठी पुण्याच्या दोन फेऱ्या धरूनच चाला.