बेळगावची तारीख, जर्सीचा सूर्य

१ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे एकीकरण समितीचा काळा दिन. १९५६ साली याच तारखेला मराठी सीमाभाग म्हैसूर राज्यात गेला. २०२४ मध्ये त्यात लक्ष्मीपूजनाची भर पडली: ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला?

अमावास्या ३१ला दुपारी ३.५२ला लागली आणि १ला संध्याकाळी ६.१७ला संपली. बेळगावात तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे १ तारखेच्या प्रदोषात (सूर्यास्तानंतरच्या, पूजेच्या वेळेत) अमावास्या जेमतेम पाव तास. गुवाहाटीत सूर्य पावणेपाचलाच जातो, तिथे ती चांगली दीड तास. त्यामुळे ‘देशभर एकच तारीख ठरवा’ ही मागणी मला पटत नाही. तिथी सगळीकडे एकाच क्षणी संपते, सूर्य मात्र एकाच क्षणी मावळत नाही.

न्यू जर्सीत तर वादाला जागाच नव्हती. इथे अमावास्या ३१ला सकाळी ६.२२ ते १ला सकाळी ८.४७, म्हणजे पूजा ३१च्या संध्याकाळी. तरी गावच्या ग्रुपवरची तारीख डोळे झाकून घेणाऱ्यांनी १ला, प्रतिपदेत, लक्ष्मी मांडली.

हिशेब सोपा आहे. भारतातल्या पंचांगातून तिथीची सुरुवात आणि शेवट, दोन्ही वेळा घ्या, जर्सीसाठी साडेनऊ तास वजा करा, मग आपल्या गावचा सूर्यास्त बघा. घोळ होतो तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. घड्याळं मागे जातात, फरक साडेदहा तासांचा होतो, आणि तुळशीच्या लग्नाला लोक जुनाच आकडा वापरतात. लंडनकरांचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच बदललेलं असतं. त्यांनी साडेपाच धरावेत.

देवळात दिवाळीआधीच ‘कार्तिक सुरू’ अशी पाटी दिसली तर पुजाऱ्याशी भांडू नका. उत्तरेचा महिना पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा, म्हणून पंधरवडाभर पुढे. आपला कार्तिक बलिप्रतिपदेला लागतो, आणि बेळगावातल्या कानडी घरातही त्याच दिवशी! सीमावादात एवढं एक कलम निकाली आहे.

गणितानेही सगळं सुटत नाही म्हणा. त्याच वर्षी त्रिपुरी पौर्णिमा जर्सीत १४ला संध्याकाळी ७.४९ला लागली, तोवर प्रदोष उलटला होता. १५ला ती ४.२८ला, सूर्य मावळायच्या दहाएक मिनिटं आधी, संपली. अशा वेळी पणत्या १५लाच लावाव्यात. सूर्योदयाला पौर्णिमा त्या दिवशी होती, शिवाय शुक्रवार होता.