तिसरा महिना म्हणजे फार उशीर

गरोदरपणात फोलिक अ‍ॅसिड (बी गटातलं एक जीवनसत्त्व) तिसऱ्या महिन्यापासून घ्यावं, हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं! वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी घडतच नाही, खालचं राहिलं तर कणा दुभंगलेला राहतो. फोलिक अ‍ॅसिडने हा धोका कमी होतो, म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधी किमान महिनाभर आणि पुढे गरोदरपणाचे पहिले 12 आठवडे. आधीच्या बाळात हा दोष असेल किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएट हे, या दोषाचा धोका वाढवणारं औषध चालू असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा. फिटची गोळी मनाने बंद करू नका. सोलापुरात भाकरीबरोबर पालेभाजी, शेंगाचटणी असतेच, पण तेवढ्यावर विसंबू नका. भाजी उकडून पाणी ओतलं की बरंचसं फोलेट (अन्नातलं हेच जीवनसत्त्व) त्यातूनच जातं.