नववीची फी कुणी भरायची?

आज संध्याकाळी बडोद्यात काळ्या घोड्यापाशी मोर्चामुळे वाहतूक अडली होती. मोर्चा फार मोठा नव्हता. काही निवृत्त शिक्षक, विद्यापीठातली पोरं, वस्तीतल्या बायका कडेवर मुलं घेऊन. 'राष्ट्रपती हो या चपरासी की संतान, सब की शिक्षा एक समान' ही जुनीच घोषणा. शेजारच्या गाडीत आपल्याच मंडळातले एक काका होते. काच खाली करून मला म्हणाले, "यांना काही कामधंदा नाही का गं? आरटीई आहे ना, शिक्षण हक्काचा कायदा, घ्या की खाजगी शाळेत फुकट अ‍ॅडमिशन."

तेवढ्यात सिग्नल सुटला म्हणून मी गप्प बसले. आता गप्प बसवत नाही.

काका, फुकट अ‍ॅडमिशन कशी असते ते ऐका. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची नात पहिलीत आरटीईतून इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत लागली, तेव्हा मावशींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. यंदा पोरगी आठवी पास झाली. परवा कणीक मळता मळता मावशी म्हणाल्या, "ताई, पिशवीत शाळेचा कागद आहे, काय लिहिलंय तेवढं बघा." मी वाचला. नववीपासून पूर्ण फी, पहिल्या सत्राचे 28,000, महिनाअखेरीच्या आत. मावशींनी दोनदा विचारलं, "वर्षाचे ना?" मी म्हटलं, नाही, सत्राचे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, परात पुढे ओढून पुन्हा कणीक तिंबायला लागल्या.

कायदाच तसा आहे. 2009 चा हक्क 6 ते 14 वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. शाळेनं नियमाबाहेर काही केलं नाही, एवढं मान्य. पण आठ वर्षं हात धरून चालवायचं आणि दहावी दोन वर्षांवर आली की सोडून द्यायचं, याला शिक्षणाचा हक्क म्हणायचं? आता ग्रँटेड, म्हणजे सरकारी अनुदानाच्या शाळेत जायचं तर ती गुजराती माध्यमाची. आठ वर्षं इंग्रजीत विज्ञान शिकलेल्या मुलीनं नववीत एकदम गुजरातीत लिहायचं. मोर्चातली माणसं हेच तर म्हणत होती! चार मुलांना दुसऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात जागा नको, सरकारी शाळाच अशा करा की तुमचा-आमचा नातूही तिथं जाईल. आणि बारावीपर्यंत.

आणि हे बडोद्यात सांगावं लागतं. आपण दर 11 मार्चला सयाजीराव महाराजांना हार घालतो, भाषणं करतो. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, बाराव्या वर्षी इथं आला तेव्हा अक्षरओळख सुरू झाली. त्या माणसानं 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड व्हायचा! गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये कलकत्त्याला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. इंग्रज सरकारनं ते होऊ दिलं नाही ते नाहीच. शंभरावर वर्षं झाली. फोटोला हार घालायचा आणि त्यांचंच काम मागणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणायचं, हे कसं चालतं हो तुम्हाला?

सरकारच्याच कोठारी शिक्षण आयोगानं 1966 मध्येच सांगितलं होतं, परिसरातली सगळी मुलं एकाच शाळेत आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के. ते 6 टक्के आजवर झालेले नाहीत. गुजरातेत काय, तर कायम शिक्षकाच्या जागी अकरा महिन्यांच्या करारावर ज्ञान सहायक. आणि जे कायम आहेत ते मतदार याद्या घेऊन दारोदार. त्या बिचाऱ्यांनी शिकवायचं कधी? अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2015 मध्ये सांगून पाहिलं की सरकारी अधिकाऱ्यांनी आपली मुलं सरकारी शाळेत घालावीत. महिनाभर साहेबाचं पोर त्या बाकावर बसू द्या, वर्गाचं गळकं छप्पर दुरुस्त होतं की नाही बघा.

हो, खाजगी शाळांत चांगलं शिकवणारे आहेत, आणि आपल्या लेकराच्या बाबतीत कुठले आईबाप जुगार खेळतील? त्यांना मी बोल लावत नाही.

बाबासाहेबांना 1913 मध्ये याच संस्थानानं शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं आणि 1917 मध्ये नोकरीसाठी परत आले तर याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. शिकवलं, पण शेजारी राहू दिलं नाही. कमाटीबागेत संकल्पभूमीला, बाबासाहेबांच्या त्या प्रसंगाच्या स्मारकाला, जाऊन हात जोडणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं, शेजारी बसायची सवय लहानपणी एका वर्गात नाही लागणार तर कुठं लागणार? मावशींची नात सांगत होती, आठ वर्षांत वर्गातल्या एकाही मुलीच्या वाढदिवसाला तिला बोलावणं आलं नाही. रडून नाही, अगदी साधं सांगितलं तिनं.

काकांवर मघाशी फार चिडले होते. माणूस वाईट नाहीत, पुरात आमच्याकडे दुधाच्या पिशव्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आले होते. म्हणूनच वाटतं, हे त्यांना कळायला हवं.

उद्या सकाळी मावशींबरोबर ग्रँटेड शाळेत जाते आहे. प्रवेश मिळेल असं तिथल्या क्लार्कनं फोनवर सांगितलंय. तिला नववीचं गणित-विज्ञान गुजरातीतून समजावायला संध्याकाळी तासभर देऊ शकेल असं कुणी वाडी-मांडवीच्या बाजूला असेल तर मला मेसेज करा. आणि पुढचा मोर्चा निघेल तेव्हा मी गाडीत नसेन. तुम्हीही या, काका तुम्हीसुद्धा.